आज्जा, घे की

कोल्हापुरात आमच्या शिवाजी पेठेत साठीला टेकलेल्या माणसालाही बाळासो म्हणतात, त्यात नवल काही नाही. पण साळोख्यांच्या बाळासोंना ते नाव जरा जास्तच चिकटून बसलं होतं. त्यांचे वडील हंबीरराव, घरच्यांचे आप्पा, ऐंशी ओलांडून जगले आणि शेवटपर्यंत घर त्यांच्याच तोंडाकडं बघून चाललं. कोणती म्हैस विकायची, वैरण कुठून आणायची, दिवाळीला कुणाला काय कापड घ्यायचं, सगळं सोप्यातल्या बाजल्यावरून ठरायचं. बाळासोंच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी ते घरातलं पोरगंच राहिले. मला त्याचा राग यायचा. शेजारणीनं एवढं रागवायचं काही कारण नव्हतं, पण मी पडले शाळामास्तरीण. दुसऱ्याच्या घरातलं वळणही आपणच सुधारावं असं मला वाटत राहतं.

त्यांचं आणि माझं घर एका भिंतीचं. मी एकटी राहायची, नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायची, आणि रोज संध्याकाळी तांब्या घेऊन त्यांच्या गोठ्यात दुधाला जायची. बाळासोंचा एकुलता एक मुलगा कृष्णात माझ्याच हाताखालून गेला. त्यामुळं त्या घरातलं मला पुष्कळ ठाऊक होतं, आणि जे नव्हतं ते त्यांची बायको तानाबाई भिंतीपलीकडून सांगायची.

जुन्या घरांतून आमच्याकडं एक रीत होती. बापाच्या देखत आपलं पोर उचलायचं नाही. आज्ज्यानं नातवाला खांद्यावर घालून पेठभर मिरवावं, त्याचं सगळ्यांना कौतुक. पण बापानं स्वतःचं लेकरू कडेवर घेतलं आणि ते वडीलधाऱ्यांनी बघितलं, तर मान खाली घालायची पाळी. वडिलांसमोर बायकोशी बोलणंही त्याच मापातलं. हंबीरराव बाहेरून आले की उंबऱ्याशी मोठ्यानं खाकरायचे. आत सुनेनं पदर सावरावा म्हणून ते खाकरणं होतं. पण ते कानावर आलं की बाळासोंच्या हातात जे असेल ते खाली जायचं. कैकदा हातात कृष्णात असायचा. त्याला भुईवर ठेवून बाळासो पाठ फिरवायचे आणि दावं वळत बसायचे. पोर हात वर करून रडायचं. मग हंबीरराव त्याला उचलायचे आणि म्हणायचे, “बापाला काय माया हाय का न्हाय रं तुझ्या?” अशानं काय होणार? कृष्णात आज्ज्याच्या खांद्यावर वाढला आणि बाप म्हणजे गोठ्यात पाठमोरा बसलेला माणूस, एवढंच त्याला माहीत झालं.

सत्तर साली हंबीरराव गेले. आता बाळासोंनी घरचा मालक व्हावं, नातवंडं खेळवावीत, तर कृष्णात तोवर लांब भिलाईला पोलादाच्या कारखान्यात फिटर झालेला. लग्न झालं, बायको शालन तिकडंच गेली, वैजू नावाची मुलगी झाली, तीही तिकडंच. इकडं दोन माणसं आणि पाच म्हशी. बाजलं तसंच सोप्यात होतं, पण त्यावर बाळासो कधी बसले नाहीत. आणि नवराबायकोला आता कुणाचा अटकाव नव्हता तरी बोलायची सवयच नव्हती. “पेंड संपली.” “आणतो.” झालं. संध्याकाळी त्या घरात म्हशींच्या रवंथाचा आवाज येई आणि माझ्या घरात तोही नसे. भिंतीच्या दोन्ही अंगांना सारखंच सुनं होतं, हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही इतकंच.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीला कृष्णात कुटुंब घेऊन आला. शालनला दिवस गेलेले. बाळंतपण गारगोटीला तिच्या माहेरी करायचं ठरलं होतं. पण पोटातलं मूल नाजूक आहे, हलायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं. शालनच्या आईला अंथरुणावरची लेक आणि साडेतीन वर्षांची धावती नात, दोन्ही झेपेना. म्हणून वैजू कोल्हापुरात आज्जा-आज्जीकडं राहिली आणि कृष्णात रजा संपवून भिलाईला गेला.

वैजूला त्यानं जाताना गोठ्याच्या दारात उभं केलं आणि तो निघून गेला. तिनं भोकाड पसरलं. तानाबाई चुलीपाशी अडकलेली. मी परसातल्या बुटक्या भिंतीवरून बघत होते. बाळासो तिच्याभोवती दोनदा फिरले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग तिला उचललं. कसं, तर रेडकू उचलतात तसं! एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, पोर आडवं, चारी हातपाय एकीकडं. वैजू इतकी चकित झाली की रडायचीच थांबली. मी हसले तशी बाळासो म्हणाले, “बाई, पडंल का हो अशी?”

“पडणार नाही. पण माणसाचं पोर आहे, उभं धरा,” मी म्हणाले.

त्यांनी तिला उभं धरलं. तिनं त्यांच्या पटक्याचा शेव मुठीत पकडला. तो तिनं पुढं चारपाच महिने सोडला नाही म्हणायला हरकत नाही.

सकाळी म्हशी रंकाळ्यावर धुवायला निघाल्या की वैजू खांद्यावर. दुपारी ती बाजल्यावर झोपली की बाळासो तिच्या पायाशी भुईवर बसून माश्या वारायचे. संध्याकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशी न्यायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ दुधाचा पेला हातात द्यायचा, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. आता पेला वैजूच्या हातून जायचा. “पावणं, घ्या!” असं ती ठसक्यात ओरडायची. आली तेव्हा म्हशीला भैंस म्हणणारी पोर संक्रांतीपर्यंत “म्हस लाथ मारतीया की वो” म्हणायला लागली. कट्ट्यावरची पैलवान पोरं तिला मुद्दाम बोलकी करायची आणि बाळासो तोंड भरून हसायचे. त्या माणसाला दात आहेत हे पेठेला तेव्हा कळलं.

आणखी एक गंमत झाली. नवराबायको बोलायला लागली, पण वैजूमार्फत. “वैजू, आज्जीला सांग, आज भाकरी लई ग्वाड झालीया.” ती सोप्यातून आत पळायची. “वैजू, आज्ज्याला सांग, ग्वाड लागली तर अजून एक घ्या म्हणावं.” ती बाहेर पळायची. दोघं हाताच्या अंतरावर बसलेली असली तरी निरोप पोरीनंच न्यायचा. एकदा मी म्हटलं, “अहो, सरळ बोला की.” तानाबाई लाजून लाल झाली. पंचावन्नच्या पुढची बाई आणि लाजते! मला तिचा राग आला आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

पौषात शालन बाळंत झाली. मुलगा झाला, पण अगदी मूठभर, सारखं औषधपाणी लागणारा. माघात तिचा भाऊ गारगोटीहून निरोप घेऊन आला. “आक्का म्हणती, बारक्याचंच करताना जीव जातोय. वैजूला पुढल्या दिवाळीपतोर तुमाकडंच ठेवून घेशिला का? दाजी शिमग्याच्या सुमाराला न्यायला येतील, तवा काय ते ठरवा.”

तो गेला आणि बाळासो थेट माझ्या घरात आले. इतक्या वर्षांच्या शेजारात ते माझ्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदा आले असतील. पटका नीट बांधलेला. बसा म्हटलं तरी बसेनात.

“बाई, तुमच्या साळंत बारक्या पोरांचा वर्ग हाय न्हवं? जूनपास्नं वैजूला घेशिला?”

“घेऊ की. राहणार आहे का ती?”

“ऱ्हायली पायजे,” ते म्हणाले. मग पटका चाचपून, “बाई, पोर ऱ्हायली पायजे बघा. मला दुसरं काय नको.”

इतकं स्पष्ट काही मागताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. वर्षभराचाच प्रश्न होता, पण साठीच्या माणसाला वर्षभर म्हणजे काही थोडं नाही, आणि ही पोर गेली की ते घर पुन्हा कसं होणार ते आम्हा तिघांनाही दिसत होतं.

त्यानंतर त्यांचा जीव टांगणीला लागला. गल्लीत टांगा वाजला की दाराकडं बघायचे. तानाबाई मला म्हणाली, “पोरासंगं कसं बोलायचं ह्याचंच घोकत असत्यात. म्हशीला पानी दावतानाबी तोंडातल्या तोंडात चाललेलं असतंय.”

कृष्णात शिमग्याच्या आधीच आला, न कळवता. संध्याकाळची वेळ. मी तांब्या घेऊन गोठ्यात उभी होते. बाळासो वैजूला खांद्यावर घेऊन म्हशींच्या पुढ्यात वैरण टाकत होते आणि वैजू वरून हुकूम सोडत होती, हिला जास्त, तिला कमी. तेवढ्यात दाराशी कुणीतरी मोठ्यानं खाकरलं.

मलाही क्षणभर हंबीररावच आले असं वाटलं. तोच घसा, तीच तऱ्हा. आज्ज्याच्या खांद्यावर वाढलेल्या पोरानं दुसरं काय उचलायचं? पण मला वाटून गेलं आणि विरून गेलं. बाळासोंचं तसं झालं नाही. त्यांच्या हातांनी डोक्याला विचारलंच नाही. त्यांनी वैजूला झटकन खांद्यावरून उतरवून भुईवर ठेवलं, पाठ फिरवली आणि दावं हातात घेतलं.

वैजू गोंधळली. तिनं हात वर केले. “आज्जा, घे की.”

बाळासो दाव्याची गाठ सोडत होते. गाठ नव्हतीच तिथं.

“आज्जा, घे की!”

दारात कृष्णात उभा होता. हातात ट्रंक, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. तो बापाच्या पाठीकडं बघत होता, मग हात वर केलेल्या पोरीकडं. त्याचं तोंड उतरत गेलेलं मी बघितलं. त्याला तिथं कोण दिसलं असेल ते सांगायला नको. त्यानं ट्रंक खाली ठेवली आणि वैजूला उचललं. ती बापाला विसरलेली. तिनं किंकाळी फोडली आणि आज्ज्याकडं झेपावली. तोवर बाळासो वळले होते, पण पोर बापाच्या कडेवर होती. ती कशी मागायची? त्यांनी हात पुढं केलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी कृष्णातनं आईला सांगितलं, वैजूला घेऊन जाणार. तानाबाई रडत भिंतीशी आली. मी तिथूनच कृष्णातला हाक मारली. माझ्या हातच्या छड्या खाल्लेला विद्यार्थी, मला भीड कसली?

“कृष्णात, ठेवायचं ठरलं होतं ना?”

“ठेवायचंच म्हणून आलतो, बाई. शालनचंबी तेच म्हणणं हुतं.” तो शांतपणे बोलत होता, तेच मला जास्त लागलं. “पण काल तुमी हुतासा न्हवं तिथं? पोर घे घे म्हणतीया आन ह्ये पाठ करून हुबं. मी ह्या घरात तसंच वाढलोय. मला आज्जा तरी हुता. तिला कोन हाय?”

“अरे मूर्खा, ते तिला क्षणभर खाली ठेवत नाहीत! तुझ्या खाकरण्यानं घोटाळा केला. तुझा आज्जाच आला असं वाटलं त्यांना.”

“आज्जा जाऊन चार वर्सं झाली की.”

“सवय जाते का चार वर्षांत?”

त्यानं गोठ्याकडं बघितलं. मग म्हणाला, “तुमी म्हणताय तसं असंल बी. मग आबांनी एकदा मला सांगावं, पोर हितं ऱ्हाऊ दे म्हणून. एका शब्दावर ठेवून जातो. पण त्येंनी सांगावं. तुमी न्हाय, आन आईनंबी न्हाय.”

हट्टी होता, पण त्याचं मागणं काही गैर नव्हतं. जन्मभरात बाप त्याच्याशी मायेचं एक वाक्य बोलला नव्हता. एक तरी ऐकावं असं वाटणारच. मी बाळासोंना गाठलं आणि पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. एवढं एकच वाक्य म्हणा. त्यांनी मान हलवली. “म्हंतो की,” म्हणाले.

कृष्णात चार दिवस राहिला आणि चारही दिवस त्यानं बापाला संधी दिली, हे मला कबूल करायलाच हवं. धारेच्या वेळी गोठ्यात जाऊन उभा राही. जेवताना शेजारी बसे. बाळासो घसा साफ करत, कृष्णात वर बघे, आणि बाळासो म्हणत, “ती चांदी म्हस औंदा आटली बघ.” नाहीतर, “भिलाईला सरकीचा भाव काय?” भिलाईतल्या फिटरला सरकीचा भाव! मी भिंतीआड उभी राहून कपाळाला हात लावायची. आणि कृष्णात घरात असेपर्यंत त्यांनी वैजूला उचललं नाही ते नाहीच. ती पायाला मिठी मारायची, पटक्याचा शेव ओढायची. ते तिच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि मुलाकडं चोरून बघायचे.

का नाही बोलता आलं त्यांना? मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. त्या माणसानं आयुष्यात कुणाकडं काही मागितलंच नव्हतं. बापाकडं मागायची सोय नव्हती, आणि मुलाकडं मागायचं तर त्याला आधी काही द्यावं लागतं. आपण काही दिलं नाही असं त्यांना वाटत असावं.

शालन बाळाला घेऊन गारगोटीच्या एसटीनं आली आणि आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. कृष्णातनं सामान लावलं, पोरीला खिडकीशी बसवलं आणि तो स्वतः डब्याच्या दारात येऊन उभा राहिला. बापाच्या अगदी समोर. वैजूनं गजातून दोन्ही हात बाहेर काढले. “आज्जा, तूबी चल की. म्हशी बी घे.” बाळासोंनी तिचे दोन्ही हात आपल्या एका हातात धरले होते. कृष्णात बघत होता. शिट्टी झाली. मी त्यांच्या पाठीत बोट खुपसलं, हो, खरंच खुपसलं. त्यांनी वर मुलाकडं बघितलं, ओठ हलले.

“पोचल्यावर कळव,” ते म्हणाले.

कृष्णातनं वाकून नमस्कार केला आणि तो आत गेला. गाडी हलली, वैजूचे हात सुटले. ती ओरडत होती ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. बाळासो फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले आणि तिथंच उभे राहिले. आम्ही दोघी त्यांना आणायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “चला, धारंची येळ झाली.” मला इतका संताप आला होता की वाटभर मी त्यांच्या दहा पावलं पुढं चालत राहिले.

संध्याकाळी मी दुधाला गेले तर गोठ्यात कुणी नव्हतं. म्हशी ओरडत होत्या. बाळासो सोप्यात भुईवर बसले होते. तानाबाई माजघराच्या दारात उभी होती, हातात वैजूचं धुतलेलं परकर-पोलकं, दोरीवर राहून गेलेलं.

“बाई,” बाळासो म्हणाले, “कृष्णातला वाटतंय, मी त्येला कदी घेतलंच न्हाय.”

“वाटणारच,” मी म्हणाले. माझा राग गेला नव्हता.

“रोज घेत हुतो.” ते भुईकडं बघत बोलत होते. “पहाटं धारंला उठलो की आदी त्येला उचलायचो. आप्पा हितं सोप्यात निजल्यालं असायचं, आत काय दिसायचं न्हाय. पोरगं झोपंत. जड हुतं. मान अशी खांद्यावर टाकायचं, गरम लागायचं मानंला. दोन येरझारा घालायचो, पाय न वाजवता. मग वाकळंत परत ठिवायचो आन गोठ्यात जायचो. साळंत जायाला लागला, पाय लोंबायला लागलं, तरीबी घेत हुतो.”

“हे आज स्टेशनवर का नाही सांगितलंत त्याला?” मी विचारलं.

उत्तर दारातून आलं.

“मला ठावं हाय ते,” तानाबाई म्हणाली. “मी जागीच असायची.”

बाळासोंनी मान वळवून तिच्याकडं सरळ बघितलं.

“मग तू तरी सांगायचं हुतंस की त्येला.”

“तुमी सांगशिला म्हणून थांबले हुते,” ती म्हणाली.